थांबण्याचं कारण

त्यांच्या दुकानात उभ्यानं मत देता येत नसे. एखादी कॅसेट कशी वाटली हे सांगायचं असेल, तर आधी खुर्चीवर बसायचं, दोन्ही बाजू ऐकायच्या आणि मगच तोंड उघडायचं, असा नियम होता. कुणी दारातूनच "मस्त आहे हो" म्हणालं, की ते उघडलेलं पेन पुन्हा टोपणात घालत आणि म्हणत, "उभ्यानं तिकीट काढतात गा. मत द्याचं असन तं बस."

सगळे त्यांना गार्डबाबू म्हणत. मालगाडीवर बत्तीस वर्षं गार्ड म्हणून काढल्यावर त्यांनी नागपुरात इंदोऱ्याहून जरीपटक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कॅसेटी भरून देण्याचं दुकान टाकलं होतं. लोक कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी घेऊन येत, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन जात. वस्तीतल्या गाणाऱ्यांच्या कॅसेटीही ते स्वतःच ध्वनिमुद्रित करून विकत. दुकानात दोन लोखंडी खुर्च्या होत्या, एक डेक होता आणि गार्डच्या डब्यात असते तशी पत्र्याची काळी पेटी होती. त्या पेटीत जेवणाचा डबा असे आणि एक जाडजूड रजिस्टर असे.

रजिस्टर मतांचं होतं. नाव, आल्याची वेळ, किती मिनिटं बसला, मध्ये किती वेळा उठला, काय म्हणाला, आणि शेवटी शेरा. माणूस जे बोलला ते जसंच्या तसं लिहायचं, त्यात काना-मात्रेचा फरक करायचा नाही. शिवी दिली तर शिवी लिहायची. फक्त शेरा त्यांचा स्वतःचा.

एकदा एक स्थानिक पुढारी आपल्या भाषणाची कॅसेट करून घ्यायला आले. बरोबर चारपाच माणसं, गळ्यातले हार अजून सुकायचे होते. गार्डबाबूंनी त्यांनाही बसवलं आणि त्यांचंच भाषण लावलं. पुढारी प्रसन्न चेहऱ्यानं ऐकू लागले. मग इकडेतिकडे पाहू लागले. मग कुणाला तरी भेटायचं असल्याचं त्यांना आठवलं. ते गेल्यावर गार्डबाबूंनी शेरा लिहिला : "वक्ता स्वतः नऊ मिनिटांनी उठला."

हे वाचून मी हसलो, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हसाले काय झालं? गाडी जिथं थांबली तिथं थांबली. गार्डानं लिहाचं."

मी त्या काळात सरकारी कचेरीत नोकरी करत असे आणि एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत गाण्याबजावण्यावर परीक्षणं लिहीत असे. राहायला धरमपेठेत, पांढरपेशांच्या वस्तीत. आमच्याकडची माणसं इंदोऱ्याकडे सहसा फिरकत नसत, आणि का फिरकत नसत हे कुणी एकमेकांना विचारतही नसे. वडिलांच्या जुन्या तबकड्या कॅसेटवर उतरवून घ्यायला म्हणून मी पहिल्यांदा तिथं गेलो आणि पुढं चार-पाच वर्षं दर शनिवारी दुपारी जात राहिलो. ते मला "परीक्षणवाले" म्हणत. त्यांच्या तोंडी ते एखाद्या किरकोळ आजाराचं नाव वाटे.

त्यांची बायको दुकानामागच्या खोलीतून चहा घेऊन येई. ती एकदा म्हणाली, "भाऊ, लग्न झालं तवा हे माह्या सैपाकाचंबी लिहून ठेवत. भाजी किती वाजता झाली, मीठ कमी का जास्त. मी म्हटलं, जेवा नाही तं नोका जेवू, पण लिहान तं चूल तुमीच पेटवा."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. तवापासून चांगलं झालं तं म्हणतात, नाही झालं तं म्हणतच नाहीत." आणि त्यांच्याकडे वळून, "लिहा आता हेबी."

त्यांनी खरंच पेन उघडलं होतं.

गार्ड हा गाडीतला शेवटच्या डब्यातला माणूस. इंजिनवाल्यानं पाहिलेलं सगळं त्याला सगळ्यात उशिरा दिसतं, आणि गाडी मध्येच थांबली तर का थांबली हे त्याला कुणी सांगायला येत नाही. पण कागदावर लिहायचं मात्र त्यानंच. किती वाजता थांबली, किती मिनिटं, कारण काय. कारणाचा रकाना रिकामा ठेवला तर जबाब द्यावा लागतो. ते सांगत, त्यासाठी ते अंधारात, पावसात, खडीवरून चाळीस-पन्नास डबे ओलांडून इंजिनापर्यंत चालत जात. कधी सिग्नल पडलेला नसे. कधी म्हैस आडवी असे. एकदा ड्रायव्हर खाली उतरून रुळाच्या कडेला मोहाची फुलं वेचत होता. "तेबी लिहिलं?" मी विचारलं. "लिहिलं ना. कारण, मोह. साहेबाले वाटलं मी चेष्टा करून राह्यलो."

छप्पन सालच्या दसऱ्याला त्यांची मालगाडी नागपूरच्या बाहेर कित्येक तास उभी होती. सगळ्या बाजूंनी माणसं शहरात येत होती, पायी, बैलगाडीनं, मिळेल त्या गाडीला लटकून. त्यांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं : "पुढे माणसं आहेत." ड्यूटी संपवून ते दीक्षाभूमीवर पोचले तोवर सोहळा आटोपला होता आणि बायको पांढऱ्या लुगड्यात घरी परत आली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेल्यांबरोबर दीक्षा घेतली. "ही माह्यापेक्षा एक दिवसानं मोठी बौद्ध आहे," असं ते सांगत, आणि ती आत भांडी वाजवून दुजोरा देई.

आता शाहिराबद्दल सांगायला हवं.

त्याला शाहीर म्हणत, पण तो गात नसे. तो बोलत असे. ढोलकीच्या तालावर, यमकात, इतक्या वेगानं की ऐकणाऱ्याला पहिली ओळ समजेपर्यंत चौथी कानावर येई. पंचविशीचा पोरगा, गिरणीत कामाला, अंगानं काटकुळा. त्याची पहिली कॅसेट गार्डबाबूंनीच काढली होती आणि ती उत्तर नागपुरात लग्नापासून मिरवणुकीपर्यंत सगळीकडे वाजत होती. कारकुनापासून मंत्र्यापर्यंत तीत सगळ्यांची हजेरी घेतलेली होती. पोरांना ती तोंडपाठ होती. रिक्षावाले चढावर दम लागला तरी तिच्या ओळी म्हणत.

एक माणूस मात्र तिच्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. शाहिराचा बाप. म्हातारा हातमागावर लुगडी विणत असे. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या, हातानं धोटा फेकायचा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. लग्नाच्या मांडवात भोंग्यावर पोराची कॅसेट लागली की तो पानावरून उठून जाई.

"त्यायले लाज वाटते माही," शाहीर एकदा गार्डबाबूंना म्हणाला होता. "नाही आवडत म्हणाले असते तरी चाललं असतं. पण काहीच नाही म्हणत."

"तू इचारलं का?"

"असं कसं इचाराचं जी बापाले?"

पहिल्या कॅसेटीनंतरच्या हिवाळ्यात शाहिराची आई गेली. धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या तीच भरत असे. आणि मग त्यानं दुसरी कॅसेट काढायची ठरवली. तिच्यात ढोलकी नको, क्लॅरिनेट नको, टाळ्या नकोत. ताल फक्त बापाच्या मागाचा. तो आवाज इतका मोठा की जवळ माईक ठेवता येईना, म्हणून माग आतल्या खोलीत, आणि शाहीर बाहेर अंगणात, भिंतीला पाठ लावून. गार्डबाबू टेपरेकॉर्डर घेऊन त्याच्यासमोर बसले. बापाला फक्त एवढंच सांगितलं होतं की माग चालू ठेवा. "तो तं चालूच रायते," म्हातारा म्हणाला होता.

शाहिरानं स्वतःशी एक नियम केला होता. माग चालेल तोवरच बोलायचं. धागा तुटून माग थांबला, तर आपणही थांबायचं. बाप गाठ मारून पुन्हा सुरू करेपर्यंत गप्प. तसा तो त्या दुपारी तीनदा थांबला. ती तिन्ही थांबणी त्यानं कॅसेटमध्ये तशीच ठेवली. आईवरच्या त्या बोलण्यात वेगही नव्हता. सावकाश, शेजाऱ्याशी बोलावं तसं :

मायच्या हाती कांडी, बापाच्या पायी माग,
लुगडं गेलं बाजारी, घरात राह्यली जाग.

कॅसेट बाजारात आली आणि तिसऱ्या दिवसापासून परत येऊ लागली. लोकांची समजूत झाली की माल खराब आहे. बोलता बोलता मध्येच आवाज जातो, म्हणजे फीत नासली. पंक्चरवाला घेऊन आला, बांगडीवाली घेऊन आली. गार्डबाबू प्रत्येकाला बसवत, पूर्ण ऐकवत आणि मत लिहीत. तो महिना मी त्या रजिस्टरावरच काढला म्हणा ना. काही नोंदी अजून पाठ आहेत.

पंक्चरवाला : "बिघडली आहे. नाही बिघडली म्हणता तं मंग शाहीर बिघडला आहे."

गोल बाजारातली भाजीवाली बाई : "पहिलीवर नाचता ये. याच्यावर धड नाचता येत नाही, धड रडता येत नाही. असं कोणी करते का जी? लावा पुन्हा." शेरा : दोनदा ऐकली. भाजी बाहेर उन्हात होती.

पहिल्या कॅसेटीतला क्लॅरिनेटवाला : "मले घेतलं नाही म्हणून मी बोलत नाही. पण मले घेतलं नाही."

जरीपटक्याचे एक सिंधी कापडवाले : "सब ठीक है, गाना कब शुरू होगा?" शेरा : पूर्ण ऐकून मग विचारलं.

गिरणीतला एक तरणा पोरगा, ज्याला पहिली कॅसेट उलटसुलट पाठ होती : "गद्दार आहे. मोठा झाला आता, आमच्यासाठी नाही म्हणत. मायवर काय, माय तं साऱ्याचीच मरते." शेरा : दोन्ही बाजू संपल्यावर पाच मिनिटं बसून होता.

विद्वानांच्या बाजूनं मात्र कॅसेटचं स्वागत झालं. एका सभागृहात तिच्यावर चर्चासत्र झालं. तिच्यात अवकाश होता, मौनाचं व्याकरण होतं आणि अजूनही बरंच काही होतं. त्यातले एक प्राध्यापक नंतर दुकानात आले, गाडी रस्त्यावर चालूच ठेवून. नोंद अशी : "लोकसंवेदनेला नवी परिमाणं देणारी निर्मिती." शेरा : सहा मिनिटं. दोनदा घड्याळ पाहिलं. पहिलं थांबणं यायच्या आधी गेले.

आणि मी. मी दोन्ही बाजू ऐकल्या, पाय हलवले नाहीत, आणि म्हणालो, "प्रयोग म्हणून अत्यंत महत्त्वाची आहे."

"म्हणजे आवडली का नाही?"

"तसं एका शब्दात सांगणं..."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. माझ्या नावासमोरचा शेरा मी चोरून वाचला : "गाडी सिग्नलच्या बाहेर उभी."

त्याच दुपारी शाहीर आला. दारातच उभा राहिला, कारण बसलं तर मत द्यावं लागेल ही भीती त्यालाही असावी. गिरणीत पोरं त्याला पाहून मुद्दाम मध्येच गप्प होतात, असं तो म्हणाला. बोलता बोलता थांबायचं, आणि मग सगळ्यांनी हसायचं.

"मी उद्या रविवारी येतो," तो म्हणाला. "तुमी सारं वाचून दाखवा. लोकाईले ते थांबणे नसन पाह्यजे, तं काढून टाकू. वरून ढोलकी चढवू. आन याच्यानंतर मी आपल्या मनाचं काही काढणार नाही. लग्नावाले जे म्हणतीन ते म्हणीन."

"सारे थांबणे काढू म्हणतं?"

"तिसरं तं पह्यले काढा. त्याच्यावरच लोक लई हासतात. सरतच नाही ते."

तो गेल्यावर गार्डबाबूंनी कॅसेट लावली आणि आपलं रेल्वेचं घड्याळ हातात घेतलं. पहिलं थांबणं चौदा सेकंदांचं निघालं. दुसरं सोळा. तिसरं, जिथं आईचं नाव येतं त्याच ओळीनंतरचं, एक्केचाळीस. त्यांनी ते तीनदा मोजलं.

"परीक्षणवाले, एका गाठीले एक्केचाळीस सेकंद लागतात का?"

"दोन धागे तुटले असतील."

"असतीन. नसतीनबी." ते बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. "मी तिथं बसून होतो. गाडी माह्या समोर थांबली आन मी उठून इचारलं नाही. हातात माईक होता म्हणून. बत्तीस वर्षांत असं नाही केलं."

लगेच त्यांनी दुकानाला कुलूप घातलं. शनिवारी चार वाजता, भर गिऱ्हाइकीत. टेपरेकॉर्डर सायकलच्या मागं बांधला, रजिस्टर मला धरायला दिलं, आणि आम्ही दोन गल्ल्या ओलांडून शाहिराच्या घरी गेलो. शाहीर दुकानातून परस्पर दुपारपाळीला गिरणीत गेला होता. म्हातारा मागावर होता. आम्हाला पाहून त्यानं पाय थांबवले आणि खड्ड्यातूनच जयभीम केला.

गार्डबाबूंनी त्याला कॅसेट ऐकवली. त्यानं ती तोवर ऐकलेली नव्हती. घरात टेप नव्हता, आणि दुसरी कॅसेट मांडवात वाजण्यासारखी नव्हती. तो मान खाली घालून ऐकत होता. पहिलं थांबणं आलं तेव्हा म्हणाला, "सूत कच्चं होतं." दुसरं आलं तेव्हा नुसती मान हलवली. तिसरं आलं. आवाज थांबला. फितीवर लांब कुठंतरी कोंबडा ओरडला. म्हातारा टेपरेकॉर्डरकडे एकटक पाहत राहिला. एक्केचाळीस सेकंद संपून माग पुन्हा सुरू झाला तसा गार्डबाबूंनी टेप बंद केला.

"हा धागा कुठं तुटला होता जी?"

"हा नव्हता तुटला."

"मंग काहून थांबला?"

म्हाताऱ्यानं विणलेल्या कापडावरून हात फिरवला. बराच वेळ तो कापडाशीच बोलत होता.

"मागावर बसलं का कानात काही शिरत नाही. पोरगं आंगणात म्हणून राह्यलं होतं, पण मले नुसता गलका ये, बोल समजे ना. मधातच त्याच्या मायचं नाव आल्यासारखं वाटलं. म्हटलं, काय म्हणून राह्यला ऐकाव तं. म्हणून पाय थांबवले."

"मंग?"

"मंग काय! तोबी थांबला." म्हातारा पहिल्यांदा वर पाहून बोलला. "मी वाट पाह्यली. आता म्हणन, मंग म्हणन. तो म्हणेच ना. मले वाटलं, बाप ऐकून राह्यला हे समजलं याले, म्हणून गप्प झाला. मंग चालवला माग."

भिंतीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, एक्केचाळीस सेकंद दोघंही एकमेकांची वाट पाहत होते, आणि त्यावर अर्धी वस्ती हसत होती.

गार्डबाबूंनी माझ्या हातातलं रजिस्टर घेतलं, पान काढलं, पेन उघडलं.

"लिहू नोका जी," म्हातारा म्हणाला. "पोरगं वाचन."

"वाचू द्या ना."

"नोको. मांडवातून उठून जाणारा माणूस मी. आता असं लिहून दिलं तं काय म्हणन तो? तुमाले आण आहे."

गार्डबाबू पेन हातात धरून तसेच बसले. कारण मिळालेलं असताना रकाना रिकामा सोडणं त्यांना किती जड गेलं असेल, हे त्यांची बत्तीस वर्षं ठाऊक नसणाऱ्याला कळायचं नाही. शेवटी त्यांनी रजिस्टर मिटलं. परतीच्या वाटेवर ते सायकल हातात धरून चालत होते. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, "लिहाची आण आहे. दुसरी कोणती आण दिली का त्यानं?"

"सांगू नका असं स्पष्ट म्हणाला नाही," मी म्हणालो.

"तेच तेच. पण सांगणंबी लिहिल्यासारखंच आहे." आणि ते सायकल पुढं ढकलू लागले.

रविवारी सकाळी शाहीर आला. या वेळी बसला. मी दुसऱ्या खुर्चीवर होतो. गार्डबाबूंनी उभं राहून रजिस्टर वाचलं, पहिल्या नोंदीपासून. पंक्चरवाला वाचला, गद्दार वाचलं, क्लॅरिनेटवाला वाचला, माझंही वाचलं. आवाज चढवला नाही, उतरवला नाही. किती मिनिटं बसला हे मात्र प्रत्येक वेळी वाचलं. शाहिराच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे. शिव्या घालणारे जवळजवळ सगळे शेवटपर्यंत बसले होते. तो फक्त शब्द ऐकत होता, आणि प्रत्येक नोंदीबरोबर खुर्चीत थोडा थोडा लहान होत होता.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

"मंग काढून टाका. तिन्ही."

"पह्यलं काढतो," गार्डबाबू म्हणाले. "दुसरंबी काढतो, तुही मर्जी आहे तं. तिसरं नाही काढत."

"काहून?"

"त्याचं कारण मले मालूम आहे."

"धागा तुटला, अजून काय कारण?"

"नाही तुटला."

शाहीर त्यांच्याकडे पाहत राहिला. आतल्या खोलीत कपबशांचा आवाज होत होता, तोही थांबला.

"मंग काय झालं होतं?"

"मले लिहाची परवानगी नाही. सांगाचीबी नाही, असं मी धरून चाललो." गार्डबाबूंचा आवाज कधी नव्हे तो चढला. "अबे, दोन गल्ल्या पलीकडे तुहा बाप बसून आहे. इंजिनापाशी चालत जाऊन इचाराले तुले काय पन्नास डबे ओलांडाचे आहेत? जा ना! मले इचारतं इथं बसून!"

तो उठला, दारापर्यंत गेला, परत फिरला, आणि मग गेला. गार्डबाबू दारात उभे राहून तो गल्लीत वळेपर्यंत पाहत होते. नंतर आत येऊन त्यांनी डेकवरची धूळ पुसली. एकदा पुसली, दुसऱ्यांदा पुसली. बायकोनं चहा आणून ठेवला, तो निवला. मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी हातानं मला थांबवलं.

तासाभरानं शाहीर आला. दारातच उभा राहिला. चेहऱ्यावरून काही कळेना.

"इचारलं?" गार्डबाबू म्हणाले.

"नाही."

"नाही? मंग एवढा वेळ काय केलं?"

"बाबा मागावर होते. मी उंबऱ्यावर उभा राह्यलो. काय इचाराचं तेच सुचे ना. त्यायनं पाह्यलं मले." शाहिरानं ओठांवरून जीभ फिरवली. "आन माग थांबवला. हात मांडीवर ठेवले. म्हणे, म्हण."

"मंग?"

"मी म्हटलं, माग थांबला तं कसं म्हणू? त्यायनं पाय वर घेतले, मांडी घालून बसले. म्हणे, तू म्हण, मी कुठं चाललो."

"मंग?"

"मंग काय," शाहीर म्हणाला. "म्हटलं."